मॉड्युलेटर लहान केला की चांगला होतो का? फट, लांबी आणि प्रकाशाचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. फक्त आकडे नीट मांडलेत, कारण आज आकडे बरेच आहेत आणि नुसते कानाने ऐकून ते डोक्यात राहत नाहीत.

फायबरवरच्या भागानंतर इंजिनिअरिंग करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा व्हॉइस मेसेज आला. प्रश्न इतका नेमका होता की त्यावर अख्खा भाग करायचं ठरवलं. ती म्हणाली, "ताई, ट्रान्झिस्टर लहान केला की तो वेगवान होतो, वीज कमी खातो आणि एका चिपवर जास्त मावतात. मग प्रकाशाचा मॉड्युलेटर अजून मिलिमीटर आणि सेंटीमीटरमध्ये का मोजतात? तो का नाही लहान करत?"

थोडक्यात उत्तर असं: मॉड्युलेटरला एक माप नसतंच. त्याला लांबी असते, इलेक्ट्रोडमधली फट असते, प्रकाशाच्या वाटेची रुंदी असते, थरांची जाडी असते. यातलं एक माप लहान केलं की एक गोष्ट सुधारते आणि दुसरी बिघडते. कोणतं माप किती ठेवायचं, हेच या यंत्राचं खरं डिझाइन. आता सविस्तर बघू.

मॉड्युलेटर असतो कुठे?

तुम्ही हा भाग फोनवर ऐकताय. फोनपासून टॉवरपर्यंतचा प्रवास रेडिओ लहरींचा. पण त्यानंतर कुठेतरी हा डेटा फायबरवर चढतो आणि पुढचा बहुतेक रस्ता प्रकाश बनून कापतो. एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात, शहराकडून शहराकडे, आणि परदेशातल्या सर्व्हरवरून यायचा असेल तर समुद्राखालून. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा समुद्राखालच्या केबल जमिनीवर येतात.

फोनमधला आणि सर्व्हरमधला डेटा मात्र विजेचा असतो, शून्य आणि एकचा. विजेतला हा शून्य-एक प्रकाशावर उतरवायचं काम मॉड्युलेटर करतो. लेझर अखंड जळत असतो, आणि मॉड्युलेटर त्याच्यापुढे बसून सेकंदाला अब्जावधी वेळा प्रकाश सोडतो, अडवतो, सोडतो, अडवतो.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? लेझरच चालू-बंद करा की! करतातही, जवळच्या अंतरासाठी. पण लेझरचा करंट भराभर बदलला की त्याचा रंग, म्हणजे तरंगलांबी, किंचित सरकते. फायबरमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो. शेकडो किलोमीटर गेल्यावर एक ठोका पसरून शेजारच्या ठोक्यात मिसळतो आणि पलीकडच्याला काही वाचता येत नाही. म्हणून लांबच्या पल्ल्यासाठी लेझर शांत ठेवायचा आणि ठोके बाहेरून द्यायचे.

आत नेमकं घडतं काय

सगळ्यात प्रसिद्ध रचना आहे माख-झेंडर. लुडविग माख आणि लुडविग झेंडर या दोघांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली, आज तीच चिपवर कोरली जाते. प्रकाश एका वाटेने आत येतो. पुढे वाटेला दोन फाटे फुटतात. थोडं अंतर दोन्ही समांतर जातात आणि शेवटी पुन्हा एक होतात. ही वाट म्हणजेच वेव्हगाइड: आजूबाजूच्या पदार्थापेक्षा अपवर्तनांक जास्त असलेली एक पट्टी, जिच्यात प्रकाश अडकून पुढे जातो.

दोन्ही फाट्यांतल्या लाटा शेवटी ताल धरून आल्या, शिखराला शिखर जुळलं, की प्रकाश बाहेर पडतो. तो झाला एक. आणि एका फाट्यातली लाट बरोबर अर्ध्या तरंगलांबीने मागे पडली, की शिखरावर दरी येते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. तो झाला शून्य.

म्हणजे काम एवढंच, एका फाट्यातला प्रकाश अर्ध्या तरंगलांबीने उशिरा आणायचा. त्यासाठी लागतो पॉकेल्स परिणाम. फ्रीडरिश पॉकेल्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. काही स्फटिकांवर व्होल्टेज लावलं की त्यांचा अपवर्तनांक बदलतो, आणि अपवर्तनांक वाढला की प्रकाश हळू होतो. लिथियम नायोबेट हा या कामातला जुना आणि भरवशाचा स्फटिक. फाट्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, म्हणजे इलेक्ट्रोड, बसवायचे आणि व्होल्टेज द्यायचं.

आता पहिला आकडा. इलेक्ट्रोडमध्ये १० मायक्रॉन फट आहे आणि आपण ५ व्होल्ट देतोय असं समजा. अपवर्तनांक किती बदलेल? साधारण २.१४००० चा २.१४००८ होईल. बस्स, इतकाच. दशांश चिन्हानंतर पाचव्या घरात थोडी हालचाल.

आजच्या सगळ्या भागाची मेख इथे आहे. परिणाम इतका बारीक असल्यामुळे तो साठवत न्यावा लागतो. दूरसंचारात वापरतात त्या प्रकाशाची तरंगलांबी असते १५५० नॅनोमीटर, तिच्या अर्धं ७७५ नॅनोमीटर. वरच्या फरकाने एवढं मागे पडायला प्रकाशाला जवळजवळ १ सेंटीमीटर चालावं लागतं. मॉड्युलेटर सेंटीमीटरमध्ये का मोजतात, याचं पहिलं कारण हे.

खऱ्या यंत्रात हा हिशोब थोडा हलतो. दोन्ही फाट्यांवर उलटसुलट धक्का दिला तर व्होल्टेज निम्म्यावर येतं. उलट, विद्युत क्षेत्र सगळंच्या सगळं प्रकाशावर पडत नाही, त्यामुळे ते पुन्हा वाढतं. पण मूळ नियम तोच राहतो: लागणारं व्होल्टेज फटीच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात.

पहिलं माप: इलेक्ट्रोडमधली फट

नियम वाचल्यावर पहिला मोह हाच होतो की फट कमी करा. १० मायक्रॉनची १ मायक्रॉन केली की व्होल्टेज थेट दहाव्या हिश्श्यावर. मग करत का नाहीत?

कारण त्या फटीतून प्रकाशाला जायचं आहे. जुन्या पद्धतीत लिथियम नायोबेटच्या ठोकळ्यात टायटॅनियम मुरवून वेव्हगाइड बनवतात. त्यामुळे पट्टीचा अपवर्तनांक आजूबाजूपेक्षा शंभरातल्या एखाद्या हिश्श्याइतकाच जास्त होतो. इतक्या नाजूक कुंपणात प्रकाश ऐसपैस पसरतो, त्याची रुंदी होते ७ ते १० मायक्रॉन. इलेक्ट्रोड याहून जवळ आणले तर प्रकाशाची कड धातूला लागते, आणि धातू प्रकाश खातो. व्होल्टेज वाचवायला जाल आणि प्रकाश गमावून बसाल.

म्हणजे फटीचं माप आपल्या हातात नाही. ते ठरतं प्रकाशाच्या रुंदीवरून, आणि प्रकाशाची रुंदी ठरते कुंपण किती पक्कं आहे त्यावरून.

मग कुंपणच पक्कं केलं तर? गेल्या दहा-बारा वर्षांतली मोठी उडी नेमकी हीच. लिथियम नायोबेटचा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा पातळ पापुद्रा घ्यायचा, तो काचेच्या, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडच्या थरावर बसवायचा आणि त्यात वेव्हगाइड कोरायचा. स्फटिकाचा अपवर्तनांक २.१४, काचेचा १.४४. एवढा फरक असल्यावर प्रकाश मुकाट्याने एखाद्या मायक्रॉनच्या जागेत राहतो. इलेक्ट्रोड ५ मायक्रॉनपर्यंत जवळ आणता येतात, शिवाय विद्युत क्षेत्र प्रकाशावर जास्त नेमकं पडतं. फट आणि पकड, दोन्हींचा फायदा एकदम.

इंजिनिअर हा फायदा व्होल्टेज गुणिले लांबी या आकड्याने मोजतात. पूर्ण चालू ते पूर्ण बंद व्हायला लागणारं व्होल्टेज घ्यायचं, त्याला सेंटीमीटरमधल्या लांबीने गुणायचं. जुन्या ठोकळ्यांत हा गुणाकार १० च्या आसपास किंवा त्याहून वर असायचा. पातळ पापुद्र्यात तो २ ते ३ वर आला. जितका कमी तितकं बरं.

दुसरं माप: लांबी

फट आणता येईल तेवढी जवळ आणली. मग दुसरा मोह: लांबी वाढवा. दुप्पट लांबी, निम्मं व्होल्टेज. आणि इथे खरा पैसा वाचतो, कारण इलेक्ट्रोडवर खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज निम्मं झालं की वीज चौथाई. ५ व्होल्टवरून १.४ व्होल्टवर आलात तर जवळपास बारा-तेरा पट बचत. एका डेटा सेंटरमध्ये अशा हजारो जोडण्या रात्रंदिवस चालू असतात. तिथे हा फरक वीजबिलात दिसतो आणि यंत्रं थंड ठेवायच्या खर्चातही.

पण लांबीला एक जबर किंमत आहे, ती म्हणजे वेग. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात, म्हणून जरा थांबून बघू.

इलेक्ट्रोड म्हणजे नुसती पट्टी नाही. सेकंदाला अब्जावधी वेळा बदलणारा सिग्नल त्या पट्टीवरून लाट बनून धावतो. प्रकाश वेव्हगाइडमधून धावतो, सिग्नल शेजारच्या इलेक्ट्रोडवरून. दोघांनी बरोबरीने धावायला हवं. लहान मुलाला सायकल शिकवताना आपण मागून सीट धरून पळतो ना, तसं. पळणारा मागे पडला की त्याचा आधार सायकलला मिळत नाही.

लिथियम नायोबेटच्या ठोकळ्यात अडचण अशी की प्रकाशाचा वेग पोकळीतल्या वेगाला २.२ ने भागून येतो, तर साध्या इलेक्ट्रोडवरच्या सिग्नलचा साधारण ४.२ ने भागून. सिग्नल जवळपास निम्म्या वेगाने रांगतो. ४ सेंटीमीटरचा मॉड्युलेटर घेतला तर प्रकाश तो सुमारे २९० पिकोसेकंदांत पार करतो आणि सिग्नलला लागतात ५६० पिकोसेकंद. फरक पावणेतीनशेच्या जवळ.

आता सेकंदाला १० गिगाबिटचा डेटा घ्या. एका बिटच्या वाट्याला येतात १०० पिकोसेकंद. म्हणजे प्रकाश शेवटाला पोचेपर्यंत स्वतःचा बिट मागे टाकून त्याच्या पुढच्या दोन-तीन बिटांना गाठतो. वाटेत त्याला एकाचा धक्का बसतो, मग शून्याचा, मग परत एकाचा. सगळे धक्के एकमेकांत मिसळतात आणि शेवटी जे बाहेर पडतं त्याला डेटा म्हणवत नाही.

हाच मॉड्युलेटर १ सेंटीमीटरचा केला तर फरक ६७ पिकोसेकंदांवर येतो. वेग सुधारतो, पण व्होल्टेज चौपट होतं आणि वीज सोळापट. एका बाजूला वीज, दुसऱ्या बाजूला वेग, आणि मध्ये लांबी. ही ओढाताण समजली की अर्धा विषय कळला असं समजा.

तिसरं माप: जाडी

मग लांबीही ठेवायची आणि वेगही, असं जमेल का? जमतं, पण त्यासाठी तिसऱ्या मापाला हात घालावा लागतो.

इलेक्ट्रोडवरचा सिग्नल हळू का असतो? त्याचं विद्युत क्षेत्र स्फटिकात खोल घुसतं, आणि हा स्फटिक अशा लहरींना फार रेंगाळवतो. त्याला थोडं बाहेर ओढलं की सिग्नल वेग घेतो. म्हणून जुन्या ठोकळ्यांत दोन युक्त्या केल्या. इलेक्ट्रोड आणि स्फटिक यांच्यामध्ये काचेचा पातळ थर घातला, आणि सोन्याचे इलेक्ट्रोड चांगले जाड, दहा मायक्रॉनच्या पुढे नेले, म्हणजे बरंचसं क्षेत्र दोन भिंतींमधल्या हवेत राहील. या दोन जाड्या जुळवल्या की सिग्नल प्रकाशाच्या वेगाला येऊन मिळतो. काही सेंटीमीटर लांबीचे, ३ ते ५ व्होल्टच्या आसपास चालणारे वेगवान मॉड्युलेटर यातूनच झाले.

फुकट इथेही काही नाही. काचेचा थर जितका जाड, तितकं क्षेत्र स्फटिकात कमी, म्हणजे व्होल्टेज पुन्हा वर. वेग मिळवला त्याचं भाडं व्होल्टेजने भरलं.

पातळ पापुद्र्याच्या रचनेत हे कोडं बरंच सोपं झालं. तिथे स्फटिकच इतका कमी असतो की सिग्नलचं बरंचसं क्षेत्र काचेत राहतं. काचेची जाडी नीट निवडली की दोन्ही वेग जुळतात, वेगळं भाडं फारसं न भरता.

याचं गाजलेलं उदाहरण २०१८ चं. हार्वर्ड विद्यापीठातला मार्को लोंचार यांचा गट आणि नोकिया बेल लॅब्स यांनी मिळून ते काम नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्यांनी एकाच रचनेचे तीन लांबीचे मॉड्युलेटर केले, म्हणून आपल्या प्रश्नासाठी हा निकाल अगदी सोयीचा आहे.

५ मिलिमीटरच्या यंत्राला ४.४ व्होल्ट लागले आणि ते सुमारे १०० गिगाहर्ट्झपर्यंत चाललं.

१० मिलिमीटरच्या यंत्राला २.३ व्होल्ट, वेग ८० गिगाहर्ट्झच्या आसपास.

२० मिलिमीटरच्या यंत्राला फक्त १.४ व्होल्ट, पण वेग ४५ गिगाहर्ट्झच्या आसपास.

स्फटिक तोच, पद्धत तीच, बदलली ती लांबी. १.४ व्होल्ट महत्त्वाचे अशासाठी, की एवढं व्होल्टेज साधी प्रोसेसर चिप स्वतः देऊ शकते. मध्ये वीज खाणारा वेगळा अॅम्प्लिफायर लागत नाही. आणि चिपवर वाया गेलेला प्रकाश अर्ध्या डेसिबलहून कमी, म्हणजे आत गेलेल्या प्रकाशातला साधारण नव्वद टक्के बाहेर येतो.

इथे कोणी चाणाक्ष माणूस विचारेल, "वेग जुळवले होते ना, मग लांबी वाढल्यावर गिगाहर्ट्झ का घसरले?" बरोबर. यामागे दुसरं कारण आहे, धातू. सिग्नल जितका वेगाने बदलतो तितका तो धातूच्या पृष्ठभागाला चिकटून धावतो. १० गिगाहर्ट्झला सोन्यात तो वरच्या पाऊण मायक्रॉनमध्येच असतो, १०० गिगाहर्ट्झला पाव मायक्रॉनमध्ये. रस्ता अरुंद झाला की अडथळा वाढतो आणि सिग्नल वाटेतच विरत जातो. लांब इलेक्ट्रोडच्या शेवटच्या टोकाला जलद सिग्नल पोचतो तोच मरगळलेला. तिथे धक्का द्यायला त्याच्यात जोर नसतो. फट कमी केली की हा त्रास आणखी वाढतो. बघा, पहिलं माप परत आडवं आलं.

चौथं माप: वेव्हगाइडची रुंदी

प्रकाशाच्या वाटेची रुंदी कमी करत गेलं तर? इथे मात्र निसर्गानेच भिंत घातली आहे.

ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षं लहान होत गेला, कारण त्यातून जाणारा इलेक्ट्रॉन त्या मापांच्या तुलनेत फारच लहान. प्रकाशाचं तसं नाही. १५५० नॅनोमीटरची लाट लिथियम नायोबेटमध्ये आकसून सुमारे ७२५ नॅनोमीटरची होते, सिलिकॉनमध्ये ४४५ च्या आसपास. वाट यापेक्षा फारच अरुंद केली तर प्रकाश आत मावत नाही. तो बाहेर सांडतो, आजूबाजूला पसरतो, आणि कोरलेल्या भिंतींच्या काही नॅनोमीटरच्या खडबडीतपणावर आपटून विखुरतो. म्हणजे पट्टी लहान केली तर प्रकाश उलट मोठा होतो.

फार रुंद केली तर वेगळीच पंचाईत. एकाच वाटेतून प्रकाश दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी जाऊ लागतो, प्रत्येकाचा वेग निराळा, आणि शेवटी शिखर-दरीचा मेळ नीट बसत नाही. म्हणून सिलिकॉनच्या वेव्हगाइडचं माप जगभर एकसारखंच सापडतं: रुंदी ४५० ते ५०० नॅनोमीटर, जाडी २२०. हे माप प्रकाशानेच ठरवून दिलंय म्हणा.

धातूच्या मदतीने ही भिंत ओलांडता येते. झुरिकच्या ईटीएच या संस्थेने २०१५ मध्ये अवघ्या १० मायक्रॉनच्या आसपास लांबीचा, धातूच्या अतिशय अरुंद फटीतून प्रकाश नेणारा मॉड्युलेटर करून दाखवला. वेग जबरदस्त. पण धातू आपला स्वभाव सोडत नाही, प्रकाशाचा मोठा भाग तो तिथेच खातो.

सरळ जायचं सोडून गोल फिरलं तर?

आता सगळ्यात गमतीशीर रचना. लांबी हवी पण जागा नको, तर प्रकाशाला गोल फिरवा. सरळ वेव्हगाइडच्या शेजारी एक अंगठी कोरायची. ज्या तरंगलांबीच्या लाटा त्या अंगठीच्या परिघात बरोबर पूर्ण संख्येने बसतात, तो प्रकाश अंगठीत ओढला जातो आणि सरळ वाटेवर अंधार होतो. अपवर्तनांक जरा हलवला की तीच लाट अंगठीत बसत नाही, सरळ निघून जाते. झाला शून्य आणि एक.

कॉर्नेल विद्यापीठात मिशेल लिप्सन यांच्या गटाने २००५ मध्ये सिलिकॉनची अशी अंगठी केली, व्यास फक्त १२ मायक्रॉन. तुमच्या केसाची जाडी यापेक्षा कितीतरी जास्त. सिलिकॉनमध्ये पॉकेल्स परिणाम नसतो, त्यामुळे तिथे इलेक्ट्रॉनांची संख्या कमी-जास्त करून अपवर्तनांक हलवतात. रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये त्याचं गणित मांडलं होतं.

मग सेंटीमीटरची गरज संपली का? हिशोब करू. त्या अंगठीचा परिघ सुमारे ३८ मायक्रॉन. पण प्रकाश तिच्यात एक फेरी मारून बाहेर पडत नव्हता. तो सरासरी तीसेक पिकोसेकंद आत राहायचा, म्हणजे साठेक फेऱ्या, म्हणजे चालणं झालं दोन मिलिमीटरहून जास्त. लांबी गेली कुठेच नाही, फक्त गुंडाळून ठेवली गेली!

आणि गुंडाळलेल्या लांबीलाही किंमत आहे. जो प्रकाश तीस पिकोसेकंद आत रेंगाळतो, त्याला त्याहून फार भराभर बदलता येत नाही. अशा अंगठीची मर्यादा ५ गिगाहर्ट्झच्या आसपास येते. ५० गिगाहर्ट्झ हवे असतील तर फेऱ्या दहा पट कमी करा, आणि मग धक्का जोरात द्यावा लागतो. पुन्हा वेग विरुद्ध व्होल्टेज. दार वेगळं, घर तेच.

दुसरी किंमत अचूकतेची. अंगठीच्या वेव्हगाइडची रुंदी १ नॅनोमीटरने चुकली तरी तिची तरंगलांबी साधारण १ नॅनोमीटरने सरकते. जाडी तेवढीच चुकली तर जवळपास दुप्पट. तापमान एका अंशाने वाढलं तर ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर, आणि चांगल्या अंगठीचा कामाचा पट्टाच तेवढा असतो. शेजारचा प्रोसेसर वीसेक अंशांनी तापला की अंगठी आपली लाट पार विसरते. म्हणून प्रत्येक अंगठीजवळ एक बारकासा हीटर ठेवून तिचं तापमान सतत सांभाळावं लागतं. मॉड्युलेटरने वाचवलेल्या विजेतली काही हीटर खातो.

तरीही जिथे जागा अत्यंत मोलाची आहे तिथे अंगठीच परवडते. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियाने डेटा सेंटरसाठी जे ऑप्टिकल स्विच जाहीर केले, त्यांत अशाच सूक्ष्म अंगठ्यांचे मॉड्युलेटर आहेत. स्विचच्या चिपला खेटून शेकडो जोडण्या बसवायच्या असतील, तर प्रत्येकीला दोन सेंटीमीटर द्यायचे कुठून?

मग लहान चांगला की मोठा?

त्या विद्यार्थिनीला माझं उत्तर असं: "लहान करा" हा सल्ला अपुरा आहे, कोणतं माप लहान करताय ते सांगा. फट लहान केली तर व्होल्टेज वाचतं, पण प्रकाश आणि सिग्नल धातूत जातात. लांबी कमी केली तर वेग मिळतो, पण वीज वाढते. वेव्हगाइड अरुंद केला तर एका मर्यादेपुढे प्रकाशच सांडतो. अंगठी केली तर जागा वाचते, पण तापमानाची राखण करत बसावं लागतं.

शेकडो किलोमीटरच्या लांब पल्ल्यासाठी प्रकाशाचा प्रत्येक कण मोलाचा. तिथे सेंटीमीटरभर लांबीचं यंत्र कोणाला खुपत नाही. चिपच्या काठाशी दाटीवाटीने बसायचं असेल तर मायक्रॉनची अंगठी घ्या आणि हीटर सांभाळा. दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या जागी.

आणि यातून तुमच्यासारख्या ऐकणाऱ्याला एक कामाची सवय लागू शकते. अधूनमधून बातमी येते, "जगातला सर्वांत लहान मॉड्युलेटर तयार!" वाचून भारी वाटतं. पण फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारून बघा. व्होल्टेज किती लागलं? किती गिगाहर्ट्झपर्यंत चाललं? आत गेलेल्या प्रकाशातला किती बाहेर आला? आणि तापमान बदललं तर काय होतं? चारांपैकी ज्याचं उत्तर बातमीत सापडत नाही, बहुतेक वेळा लहानपणाची किंमत तिथेच चुकवलेली असते.

प्रश्न असेच पाठवत राहा, व्हॉइस मेसेज असला तरी चालेल. पुढच्या भागात फायबरच्या दुसऱ्या टोकाला जाऊ: प्रकाशाचं पुन्हा विजेत रूपांतर करणारा डिटेक्टर. तोपर्यंत भेटू, काळजी घ्या!